पूर यायच्या आधीची यादी: कृष्णाकाठच्या गावात मदतसंस्था उभी करताना

सांगलीत जुलै-ऑगस्टात माणसं एकमेकांना नमस्कार करायच्या आधी "आयर्विनला किती?" असं विचारतात. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ मध्ये ५७ च्या वर, २०२१ मध्ये पुन्हा ५५ च्या आसपास. हे आकडे इथे शाळकरी पोरालाही पाठ असतात. पण ते शहराचे आकडे झाले. तुमच्या गल्लीतल्या तिसऱ्या घरात पाणी कितीला शिरतं, हे कुठल्याच सरकारी तक्त्यात सापडत नाही. ते तुम्हालाच लिहून काढावं लागतं.

हा लेख त्या तालमींसाठी, गणेश मंडळांसाठी, बचत गटांसाठी आणि मित्रमंडळांसाठी आहे, ज्यांनी २०१९ आणि २०२१ ला अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरून काम केलं आणि आता ज्यांना वाटतंय की हे नीट, संस्था काढून, वर्षभर करावं. विचार चांगला आहे. फक्त लेटरहेड छापून आणि उद्घाटनाचा हार घालून सुरुवात करू नका. मदतकार्यातलं नव्वद टक्के काम पाऊस नसताना होतं, आणि त्यातलं बरंचसं वहीत होतं.

आधी हद्द ठरवा

पहिल्या बैठकीत कुणीतरी म्हणणारच, "आपण अख्खा तालुका घेऊ." घेऊ नका. रस्ता पाण्याखाली गेल्यावरही तुमची माणसं पायी किंवा होडीने जिथवर पोचतील, तिथवर तुमची हद्द. २०१९ ला पुणे-बंगळूर महामार्गच बंद होता, त्यामुळे बाहेरची मदत पाणी ओसरू लागल्यावर आली. मधल्या दिवसांत ज्यांनी माणसं काढली आणि खिचडी शिजवली, ते गावातलेच किंवा शेजारच्या गावातले होते. पाटण तालुक्यात २०२१ च्या जुलैत आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. अशा डोंगरातल्या वाडीला तर लगतची वाडी हाच पहिला आसरा असतो.

एक गाव, किंवा नदीकाठची लागून असलेली दोन-तीन गावं, किंवा शहरात असाल तर एक प्रभाग, एवढं पुरे. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर या बाजूला काम करणाऱ्यांना तेवढ्यातच वर्षभराचं काम मिळेल.

यादी

यावर मी जास्त बोलणार आहे, कारण संस्थेकडे दुसरं काहीही नसलं तरी चालेल, ही पाहिजे.

मृग निघायच्या आत, म्हणजे मे अखेरपर्यंत, हद्दीतल्या प्रत्येक घराची एक नोंद तयार हवी. नोंद कशी असावी त्याचा नमुना देतो. हे घर काल्पनिक आहे, पण कृष्णाकाठी प्रत्येक गावात सापडेल:

"मळीभाग, ओढ्याच्या वरची गल्ली, डावीकडून तिसरं घर. माणसं सहा. आजी अंथरुणाला खिळून, दोघांनी उचलावी लागेल. सून सात महिन्यांची गरोदर. म्हशी दोन, शेळ्या चार. दारात पाणी: आयर्विन ४३. माणसं कुठे जाणार: लेकीकडे, तासगाव. म्हशी कुठे जाणार: ठरलेलं नाही. रेशनकार्ड: आहे, जुन्या पत्त्यावर."

यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ म्हशींची आहे. "लोक ऐकत नाहीत, घर सोडत नाहीत" असं बाहेरचे अधिकारी वैतागून म्हणतात. लोक ऐकतात. पण दोन म्हशी म्हणजे त्या घराचा महिन्याचा पगार. दावणीला बांधलेलं जनावर सोडून कोण जाईल? ज्या घरापुढे "ठरलेलं नाही" लिहिलंय, तिथे जूनमध्येच जाऊन उंचावरचा गोठा, एखाद्याचं मोकळं शेड किंवा डेअरीचं आवार ठरवून या. शेडवाल्याशी बोलणी झाली की त्याचं नाव त्या नोंदीत लिहा. हे एक काम केलंत तर पुराच्या रात्री तुमची निम्मी वादावादी वाचते.

"दारात पाणी कितीला" हे कसं काढायचं? जुन्या माणसांना विचारा, पण नुसतं "किती आलं होतं?" असं नको. भिंतीजवळ उभं करून विचारा. पाच सालचं कुठपर्यंत, एकोणीसचं कुठपर्यंत. बहुतेक घरांत गिलाव्यावर डाग असतो, नाहीतर "देवळीच्या खाली चार बोटं" असं नेमकं सांगणारी काकी असते. ती उंची टेपने मोजून वहीत घाला. तुमचं गाव आयर्विनपासून लांब असेल तर जवळचा आकडा धरा. पाटबंधारे खात्याच्या रोजच्या पत्रकात बहे, ताकारी, भिलवडी, अंकली अशा पुलांचीही पातळी असते. त्याहून सोपं म्हणजे गावच्या पुलाच्या खांबावर किंवा घाटाच्या भिंतीवर ऑइल पेंटने फुटांच्या खुणा मारून घ्या. दोन पूर त्या खुणांवर वाचले की गावाचं स्वतःचं कोष्टक तयार होतं. ते कोष्टक एकदा आलं, की "पाणी येतंय, पळा" याच्या जागी "आज रात्री खालच्या गल्लीतली घरं निघतील, वरच्यांनी उद्या दुपारपर्यंत बघायचं" असं सांगता येतं.

यादीतून कोण सुटतं ते आत्ताच बघा. भाडेकरू सुटतात, कारण घरपट्टी मालकाच्या नावावर. वीटभट्टीवरची कुटुंबं सुटतात. नदीकाठच्या पालांत राहणारे भटके सुटतात, कारण त्यांना कुणी "आपल्या गावचे" धरत नाही. एकट्या राहणाऱ्या, नवऱ्याने टाकलेल्या बायका सुटतात, कारण रेशनकार्ड अजून सासरच्या नावावर. सरकारी यादीत ही माणसं सापडणं अवघड असतं. तुमच्याही यादीत ती नसतील तर वेगळी संस्था काढायची गरजच काय?

म्हणून यादी करायला तरुण पोरांबरोबर बचत गटाच्या ताई आणि जमल्यास गावच्या आशाताई हव्यात. कुठल्या घरात कोण गरोदर आहे, कुणाला इन्सुलिन लागतं, कुठल्या घरात नवरा दारू पिऊन मारतो, हे त्यांना माहीत असतं. मात्र आजार, गरोदरपण असल्या गोष्टी सगळ्यांच्या हातात फिरणाऱ्या कागदावर लिहू नका. त्यांची वेगळी वही करा, ती दोघींकडेच राहील. आणि यादीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही, हा नियम पहिल्या दिवशी सांगून ठेवा. तरी कुणीतरी टाकतोच.

नोंदणी

हा भाग कंटाळवाणा आहे, पण थोडक्यात आटोपतो. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात त्याच संस्थेची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी होते आणि दोन्ही कामं जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातच होतात. घटना लिहिताना दुसऱ्या संस्थेची जशीच्या तशी उतरवू नका. निदान उद्देश, कार्यक्षेत्र आणि विश्वस्त बदलायची पद्धत स्वतः बसून लिहा. सात जणांत तिघी तरी बायका घ्या, आणि त्या विश्वस्तांच्या बायका किंवा वहिनी नकोत. नदीकाठच्या खालच्या गल्लीतला एक माणूस घ्या. सगळे विश्वस्त गावठाणातल्या उंच भागातले असले की निर्णयही तिथूनच दिसतात तसे होतात.

विश्वस्त बदलले की बदल अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो. हे विसरलेल्या संस्थांच्या फायली वर्षानुवर्षं लटकतात आणि मग बँक सह्या बदलून देत नाही. नेमका पूर आलेला असतो.

नोंदणी व्हायच्या आधीच पूर आला आणि वर्गणी गोळा करावी लागली तर? गणेश मंडळं ज्या कलम ४१ क खाली दरवर्षी परवानगी काढतात, तेच कलम इथेही लागू आहे. मंडळाच्या खजिनदाराला ती वाट ठाऊक असते. हिशेब नंतर सादर करावा लागतो, तो करा.

आयकराच्या सवलतीसाठी वेगळी नोंदणी लागते. सुरुवातीला ती तात्पुरती, तीन वर्षांची मिळते. ज्याला सगळे ८० जी म्हणतात ती सवलत देणगीदाराला मिळायची तर देणगी रोखीने दोन हजारांच्या वर नको, आणि सगळ्या देणगीदारांचं विवरणपत्र तुम्ही मुदतीत भरलेलं हवं. गावात एक तरी सीए असा असतोच, की जो पैसे न घेता हे करून देतो. त्याला पुराच्या महिन्यात गाठू नका, एप्रिलमध्येच गाठा.

परदेशातल्या पैशांबाबत एक सूचना, कारण सांगली-साताऱ्याची निम्मी हुशार पोरं तिकडेच आहेत. भारतीय पासपोर्ट असलेल्या भाच्याने स्वतःच्या पगारातून बँकेमार्फत पाठवलेले पैसे ही परकीय देणगी नव्हे. पण त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परकीय देणगी झाली. त्यासाठी केंद्राची वेगळी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. भावनेच्या भरात "पाठव रे" म्हणण्याआधी पासपोर्ट विचारा. भाचा रागावला तर रागावू दे.

पैसा आणि वही

संस्थेच्या नावाचं खातं, तिघांपैकी दोघांच्या सह्या. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच. अध्यक्षाच्या वैयक्तिक नंबरवर एक रुपयाही नको, तो कितीही सरळ माणूस असला तरी. त्याच्या सरळपणावर शंका घ्यायची वेळच येऊ नये म्हणून.

वस्तूंची वही पैशांच्या वहीइतकीच महत्त्वाची. तांदळाचं पोतं आलं: कुठून, किती, कुणी उतरवून घेतलं, कुठे ठेवलं, कुणाला गेलं. मोठी खरेदी असेल तर तीन दुकानांचे दर मागवा. गावातल्याच दुकानातून घेणं चांगलं, कारण त्या दुकानदाराच्याही घरात पाणी शिरलेलं असतं. पण दर लेखी घ्या.

"शंभर टक्के पैसा थेट पूरग्रस्तांना" असं बॅनरवर लिहायचा मोह होतो. लिहू नका, ते खरं नसतं. डिझेल लागतं, मोबाइलचं रिचार्ज लागतं, पोरांचा नाश्ता लागतो, हिशेब लिहिणाऱ्या मुलीला मानधन द्यायला हवं. हा खर्च लपवला की तो कुठेतरी तांदळाच्या बिलात घुसतो आणि तिथून घोटाळा सुरू होतो. वेगळ्या रकान्यात स्वच्छ दाखवा. जो देणगीदार यावर नाक मुरडतो, त्याला एक दिवस ट्रॅक्टरवर बसवून फिरवा.

हिशेबाचा एक पानी गोषवारा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. फेसबुकवर टाकलात तरी चालेल, पण फलक आधी.

कोठार आणि होडी

सामान नेहमी उंचावर ठेवायचं, हे लिहावं लागतं याचं आश्चर्य वाटेल. पण नदीकाठच्या समाजमंदिरात साठवलेलं पूरसाहित्य पहिल्याच पाण्यात बुडू शकतं. ताडपत्र्या, जाड दोर, टॉर्च आणि सेल, मेगाफोन, गमबूट, फावडी, घमेली, खराटे, ओआरएस, सॅनिटरी पॅड, पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर. टीसीएल दरवर्षी नवी घ्या. ओल लागलेली, वर्षभर पडलेली पावडर क्लोरीन उडून नुसता चुना होऊन बसते.

होडीबद्दल मात्र गंभीर बोलायचं आहे. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढताना बोट उलटली आणि कित्येक जीव गेले, त्यात बायका आणि लहान मुलंही होती. बोटीत माणसं जास्त झाली होती. अशा वेळी काठावर उभ्या आईला "पुढच्या फेरीत या" असं सांगणं किती कठीण असतं, हे त्या प्रसंगी असलेल्यालाच कळेल. म्हणूनच ते सांगायचं काम आधी ठरलेल्या एका माणसाचं हवं. होडीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या: किती माणसं. जितके लाइफ जॅकेट तितकीच माणसं. काठावरचा माणूस मोजेल, आणि त्याचा शब्द सरपंचालाही मोडता येणार नाही. हा माणूस होडीत बसणारा नको, गावातला भिडस्त तर अजिबात नको. एखाद्या खमक्या मावशी हे काम उत्तम करतात.

गुऱ्हाळातली काहील होडीसारखी वापरायची आपल्याकडे रीत आहे. साचलेल्या, थांबलेल्या पाण्यात गल्लीतून सामान ओढायला ठीक. धारेत नाही.

पाणी चढताना

जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा. आपण किती माणसं कुठे हलवली हे तहसील कार्यालयाला रोज संध्याकाळी लेखी कळवा. त्यांच्याकडेच एनडीआरएफची बोट मागायची असते, आणि रोज आकडे देणाऱ्याचा फोन ते आधी उचलतात.

कोयना धरणातून विसर्ग वाढला की तो कराडवरून सांगलीला यायला बरेच तास जातात. त्यात वारणा हरिपूरच्या संगमावर येऊन मिळते आणि स्थानिक पाऊस वेगळाच. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर काय करायला हवं होतं याची चर्चा या तासांत करू नका, नंतर भरपूर वेळ मिळतो. या तासांत आधी जनावरं हलवायची, मग म्हातारी-आजारी माणसं आणि गरोदर बायका, मग बाकीचे. जनावरं आधी म्हटलं की शहरी माणसाला चमत्कारिक वाटतं. पण गोठा रिकामा झाला की घर आपोआप रिकामं होतं.

शाळेत निवारा केलात तर मोजून भरा. जगभर मदतकार्यात एका माणसाला साडेतीन चौरस मीटर जागा हे किमान माप धरतात. वीस बाय पंचवीस फुटांची वर्गखोली म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. त्यात तेरा माणसं बसली, आणि आपण कोंबतो चाळीस. तेरा नाही जमणार, मलाही माहीत आहे. पण आकडा माहीत असला की दुसरी शाळा, मंगल कार्यालय, साखर कारखान्याची शेड आधीच मागून ठेवता येते. पाणी माणशी दिवसाला पंधरा लिटर, वीस माणसांमागे एक संडास. बायकांचे संडास वेगळे, उजेडाच्या वाटेवर, आतून कडी असलेले. कडी नसेल तर बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. ही एवढीशी कडी बसवायला चाळीस-पन्नास रुपये लागतात आणि ती तेवढीच राहून जाते.

बाहेरून येणारे ट्रक

पाणी उतरायला लागलं की मुंबई-पुण्याहून, विदर्भातून, कर्नाटकातून ट्रक येतात. महाराष्ट्राचं मन मोठं आहे यात वाद नाही. पण २०१९ नंतर आपल्याकडे जुन्या कपड्यांचे जे ढीग पडले होते, ते बघितलेल्या कुणालाही त्या मोठ्या मनाची धास्तीच वाटेल. फाटक्या साड्या, एकाच पायातला बूट, पार्टीचे गाऊन. ते वेगळे करण्यात आणि शेवटी फेकण्यात पोरांचे हात अडकतात.

त्यामुळे रोज एकदा, ठरलेल्या वेळी, एकाच फोनवरून संदेश सोडा. असा:

"गुरुवार, संध्याकाळी ६. गाव अमुक. रस्ता फक्त तासगावकडून सुरू.
हवं: खराटे, फिनेल, बादल्या, नवीन सतरंज्या, मोठ्या बायकांचे नवीन गाऊन आणि परकर, सॅनिटरी पॅड, ओला चारा.
नको: जुने कपडे, शिजवलेलं अन्न, पाण्याच्या छोट्या बाटल्या, बिस्किटं.
ट्रक निघण्याआधी या नंबरवर बोला. न बोलता आलेला माल उतरवून घेतला जाणार नाही. हा संदेश उद्या संध्याकाळी ६ नंतर जुना समजावा."

शेवटची ओळ फार कामाची. नाहीतर तुमचा "दूध पावडर हवी" हा संदेश दिवाळीपर्यंत फिरत राहतो.

न सांगता ट्रक आलाच तर चालकाला चहा पाजा, पण माल खरंच लागणार नसेल तर पुढच्या गावाला फोन लावून तिकडे पाठवा. माणसं दुखावतील, दारात आलेली मदत परत पाठवणं आपल्या रीतीत बसत नाही. तरीही. रस्त्याकडेच्या पहिल्या गावात दहा ट्रक रिकामे होतात आणि आतल्या वाडीत एकही पोचत नाही, हे दर पुरात घडतं.

वाटप

ट्रकच्या मागच्या फळीवर उभं राहून पाकिटं फेकणं म्हणजे वाटप नव्हे. आदल्या रात्री यादी बघून घरोघरी कुपन द्या. कुपनावर नंबर, घरातली माणसं आणि उद्याची वेळ. एका वेळी तीस-चाळीस घरं. दोन माणसांच्या घराला आणि नऊ माणसांच्या घराला एकच किट देऊ नका.

जागा कुठली निवडता यावर बरंच ठरतं. गावातल्या एका भावकीच्या वाड्यासमोर किंवा ज्या देवळात काहींना पायरी चढताना अवघडल्यासारखं होतं तिथे रांग लावली, तर काही लोक येणारच नाहीत आणि "त्यांना गरज नव्हती" असा अर्थ निघेल. शाळेचं मैदान बरं. वस्तीत जाऊन वाटायचं असेल तर गावाबाहेरच्या वस्तीपासून सुरू करून गावठाणाकडे या. उलट दिशेने गेलं की माल नेहमी शेवटच्या वस्तीआधीच संपतो.

देताना चेहऱ्याचा फोटो काढायचा नाही. देणगीदाराला पुरावा हवा असेल तर सही-अंगठ्यांचं पान आणि भरलेल्या कोठाराचा फोटो पाठवा. किटवर पक्षाचं चिन्ह किंवा साहेबांचा फोटो नको, हे माल घ्यायच्या आधी बोलून घ्या, नंतर बोलणं जमत नाही. वाटप झालेली यादी, फक्त कुपन नंबर आणि वस्तू एवढीच, दुसऱ्या दिवशी फलकावर लावा आणि शेजारी तक्रार घेणाऱ्या ताईचं नाव व वेळ लिहा. तक्रारपेटी ठेवली तरी त्यात चॉकलेटचे कागद सापडतात. आपल्याकडे लोक बोलून तक्रार करतात, म्हणून ऐकणारं माणूस नेमा. संस्थेच्या पोरांबद्दलची तक्रार, विशेषतः बायका-मुलींशी वागण्याबद्दलची, त्या ताईने थेट विश्वस्तांपुढे ठेवायची आणि तो पोरगा त्या दिवसापासून कामावर नाही.

पाणी ओसरल्यावर

चिखल काढायची सगळ्यांना घाई असते. थांबा. आधी प्रत्येक घराचे फोटो घ्या: भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं धान्य, पडलेली भिंत, आणि दारावरचा घर नंबर एकाच चौकटीत. मग साफसफाई. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक पंचनाम्याला येईपर्यंत घर धुऊन लख्ख झालेलं असेल तर "तुमचं काही गेलेलं दिसत नाही" असं ऐकावं लागतं. पंचनाम्याच्या फेरीत तुमचा एक माणूस यादी घेऊन बरोबर फिरू द्या, भांडायला नव्हे, सुटलेलं घर दाखवायला. २०१९ ला घरात पाणी शिरलेल्या कुटुंबांना ग्रामीण भागात १० हजार आणि शहरी भागात १५ हजार रुपये सानुग्रह अनुदान होतं. ज्यांचं नाव पंचनाम्यात आलं नाही त्यांच्या वाट्याला दगदगच आली.

नंतर दोन-तीन दिवस कागदपत्रांचं शिबिर लावा. भिजलेलं रेशनकार्ड, आधार, पासबुक. शेतीच्या नुकसानीत यादीवर विशिष्ट क्रमांक येतो आणि ज्यांना सेवा केंद्रात ई-केवायसी करावी लागते, त्यांचे पैसे ती केल्याशिवाय खात्यावर पडत नाहीत. म्हाताऱ्या माणसांचे अंगठे मशीनवर उठत नाहीत, त्यांना घेऊन कुणी बसायचं ते ठरवा. एका पोराचा पूर्ण दिवस चार आजोबांत जातो आणि त्याचा फोटोही निघत नाही. तरी माझ्या मते एवढं मोलाचं दुसरं काम नाही.

पिण्याच्या पाण्याला एक हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम चांगली टीसीएल, आणि अर्ध्या तासाने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का याची तपासणी. पूर शिरलेली विहीर आधी उपसून घ्या आणि तिचं प्रमाण आरोग्य सेवकाला विचारूनच ठरवा. चिखलात काम केलेल्या कुणाला ताप आला की लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) शंका धरून प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा, मेडिकलमधून गोळी आणून भागवू नका.

किटचे दिवस संपले की रोजगाराचा प्रश्न उरतो आणि तिथे वस्तूंपेक्षा पैसा बरा. शिलाई मशीनची मोटर, पिठाच्या गिरणीचा पट्टा, हातगाड्याची चाकं, भाजीवालीचं पहिल्या दिवसाचं भांडवल, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. २००५ ला हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, पाणी शिरून साठवलेली हळद गेली. अशा वेळी मालकाच्या मालाचा निदान हिशेब तरी होतो. त्याच्याकडच्या हमालाचे बुडालेले आठवडे कुठल्याच पंचनाम्यात येत नाहीत. तुमच्या वहीत त्याला रकाना ठेवा.

मोठ्या संस्थेशी करार

मोठ्या संस्था आणि कंपन्या आता "स्थानिक भागीदार" शोधतात. २०१६ मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत जगातल्या मोठ्या देणगीदारांनी कबूल केलं होतं, की २०२० पर्यंत मदतीचा चौथा हिस्सा शक्य तितका थेट स्थानिक संस्थांकडे जाईल. कबुली कागदावर चांगली आहे. तुमच्या टेबलावर येणारा करार मात्र नीट वाचा. लाभार्थी कोण हे कोण ठरवणार? हिशेब लिहिणाऱ्याचं मानधन आणि डिझेल त्यात धरलंय का? पैसा आधी मिळणार की बिलं दिल्यावर? गावच्या किराणावाल्याने तीन महिने उधारीवर माल द्यायचा आणि मोठ्या संस्थेने अहवालाची वाट बघायची, ही भागीदारी नव्हे. यादीची प्रत मागितली तर नावं आणि आजार काढून आकडे द्या.

आपल्या भागात निर्णय स्वतःच्या हातात ठेवणाऱ्यांची परंपरा आहे. येरळेवर बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण उभं केलं. सांगलीत १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांबरोबर 'संग्राम'चं काम चालू आहे आणि पुढे त्या स्त्रियांचीच वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. म्हसवडच्या बायकांची माणदेशी बँक १९९७ ची. यांच्यापैकी कुणाकडे जाऊन दोन दिवस त्यांची बैठक कशी चालते ते बघा, कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा जास्त कळेल.

नदी शांत असते त्या वर्षी

दर वर्षी पूर येत नाही, पण दुष्काळ कुठेतरी असतोच. कृष्णा दुथडी वाहत असते त्याच जिल्ह्यात जत आणि आटपाडीत टँकर फिरत असतात, आणि साताऱ्यात माण-खटावची तीच कथा. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी गेलं तेव्हा जतकरांनी काय म्हटलं असेल ते सोडून देऊ. त्याच वर्षी कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने श्रमदानाने पाणलोटाची कामं करून पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेतला पहिला वॉटर कप जिंकला. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशीने चारा छावणी चालवली.

नदीकाठच्या संस्थेने कोरड्या तालुक्यातल्या एका गावाशी चाऱ्याचा लेखी करार करावा, असं माझं ठाम मत आहे. ऑगस्टच्या पुरात इकडचा हिरवा चारा कुजतो आणि एका मोठ्या जनावराला दिवसाला पंधरा-वीस किलो चारा लागतो. त्या वेळी माण-जतच्या बाजूला शाळूचा कडबा गंजीत असतो. एप्रिल-मेमध्ये तिकडे काही उरत नाही आणि इकडे नदीच्या पाण्यावर मका, कडवळ उभं असतं. किती पेंढ्या, किती टन, वाहतूक कोण देणार, कुणाच्या फोनवर गाडी निघणार, हे दोन्ही गावांच्या बचत गटांच्या सह्यांनी एका कागदावर घ्या. कडबा पावसात भिजून काळा पडू नये म्हणून गाडीवर ताडपत्री पाठवणाऱ्याची, आणि ती परत करण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. हेही त्याच कागदात लिहून घ्या, कारण ताडपत्र्या परत येत नाहीत.